तांबड्या पेटीतला कालिया

"माझ्या हॉटेलाक आग लागूक होयी, तर आगीन आदी माका इचारूक होया!" गोव्यातल्या मांद्र्याच्या तिठ्यावर गोकुळदास हे वाक्य दिवसातून एकदा तरी फेकत असे. सगुण ऐकायला उभा असला तर दोनदा!

सगुण हा शेजारचा हॉटेलवाला. गेल्या पर्यटन मोसमात अग्निशमन खात्याचा दाखला वेळेत मिळाला नाही, म्हणून त्याचे हॉटेल नाताळ उलटेपर्यंत बंद राहिले. ही बातमी गोकुळदासने गावभर पेढ्यांसारखी वाटली होती. यंदा दाखल्याची पाळी खुद्द गोकुळदासची होती. मिळाला तर मोसमाचे पहिले पाहुणे त्याच्या दारात. नाही मिळाला तर सगुणच्या!

दाखल्यासाठी त्याने काउंटरमागच्या भिंतीवर आगीची सूचना देणारे पॅनेल बसवून घेतले होते. एक तांबडी पेटी आणि तिच्या पोटात दोन लहान बॅटऱ्या. वीज गेली की पॅनेल त्यांच्यावर चालायचे. वीज असली की आतला चार्जर त्यांना थोडी थोडी वीज पाजून भरलेल्या ठेवायचा. इतकी साधी व्यवस्था! पण साधी व्यवस्था सुखाने नांदू देईल तो गोकुळदास कसला?

"बघ गो, कशी निजल्यात दोगांय!" पेटी उघडून तो बायकोला म्हणाला. "खातत नि निजतत. तुझ्या भावाची सख्खी भावंडां!"

"आग लागली काय उठतली ती," कमलाक्षी म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

हात लावू नको म्हटले की गोकुळदासचे हात शिवशिवत. त्यात चवथ आलेली. त्याच्या घरच्या गणपतीपुढे दरवर्षी विजेवर हलणाऱ्या मूर्तींचे चलचित्र असे. यंदा कालियामर्दन होते: फुत्कारणारा नाग आणि त्याच्या फण्यावर डोलणारा कृष्ण. गावात चलचित्रांची स्पर्धा, आणि चवथीला वीज जाणे ही तर तिच्याहून जुनी प्रथा! ऐन परीक्षकांसमोर कृष्ण एक पाय वर करून थिजला तर? गोकुळदासने पॅनेलच्या दोन्ही बॅटऱ्या उचलल्या आणि कालियाच्या शेपटीखाली दडवल्या.

वीज गेली. गावातले सगळे देव-दानव जागच्या जागी गोठले. गोकुळदासचा नाग मात्र डोलत होता! बॅटऱ्यांत थेंबभर जीव होता तोवर डोलत होता.

विसर्जनानंतर बॅटऱ्या पुन्हा पेटीत गेल्या. जरा वेळाने पॅनेल बोलले, "पीं!" आणि एक पिवळा दिवा लागला.

"भुकेलां तां," गोकुळदासने निदान केले. "खायत नि गप बसात."

पॅनेल गप्प बसेना. तळापर्यंत पिळून काढलेल्या त्या बॅटऱ्या आता वीज धरतच नव्हत्या. यावर तशाच नव्या दोन आणणे हा उपाय होता. पण तो कुणालाही सुचला असता, म्हणून गोकुळदासला सुचला नाही. त्याने भोंग्याच्या भोकात कापूस कोंबला, वरून चिकटपट्टी मारली आणि पिवळ्या दिव्यावर गणपतीचे स्टिकर लावले. दुरुस्ती संपली!

"आता तपासणीक येतली ती बाई काय गणपतीक नमस्कार करून परत जातली?" कमलाक्षीने विचारले.

तेव्हा कुठे गोकुळदासने मुळगावच्या मेहुण्याला फोन लावला. या मेहुण्याचा, म्हणजे सखारामचा, खनिज वाहणारा टिपर ट्रक खाणी बंद पडल्यापासून दारात उभा राहून गंजत होता. मेहुणा आळशी, भावजी उपद्व्यापी; दोघांचे लगेच जमले. सखाराम टिपरच्या दोन बॅटऱ्या घेऊन हजर झाला. एकेक बॅटरी चिऱ्याएवढी!

"भावजी, ही ट्रकाची. त्या पेटीक चलात?"

"अरे, बारकी चलता, मगे मोठी धावतली!"

मोठ्या बॅटऱ्या पेटीत मावेनात. मग त्या खाली स्टुलावर ठेवल्या, वर नक्षीचा टेबलक्लॉथ घातला आणि त्यावर फुलदाणी. वायरी फुलदाणीमागून पेटीत गेल्या. आतला चार्जर चुलीवरच्या तव्यासारखा तापला. पण पेटी बंद, भोंगा बंद आणि गोकुळदासची अक्कल तर कायमचीच बंद!

तपासणीला अधिकारी आल्या त्या गौरवी मॅडम. डिचोलीचे माहेर, केरीचे सासर आणि बोलणे मोजके.

"मेन स्विच बंद करा."

गोकुळदासने केला. सखारामने श्वास रोखला. पॅनेल चालूच! मॅडमनी बटण दाबले आणि हॉटेलभर घंटा अशा खणखणल्या की सगुण आपल्या गेटवर धावत आला. गोकुळदासने त्याला लग्नातल्या वरबापासारखा हात केला.

मॅडमनी घंटा थांबवल्या आणि सहीसाठी पेन उघडले. तेवढ्यात काउंटरमागे टांगलेला चलचित्राचा फोटो त्यांना दिसला.

"हा कालिया तुमचा? आम्ही सासरचे सगळे बघायला आलो होतो! वीज गेली, तरी नाग डोलत होता. इन्व्हर्टर कुठला हो?"

कमलाक्षीने नवऱ्याचा पाय जोरात दाबला. पण स्तुतीने फुगलेल्या माणसाला पाय नसतात!

"इन्व्हर्टर कसलो, मॅडम! डोकां! ह्याच पॅनेलाच्या बॅटऱ्या काढून नागाखाली घातलंय!"

पेन बंद झाले.

मॅडमनी पेटी उघडली. बॅटऱ्यांची जागा रिकामी. त्यांनी वायरीवरून बोट फिरवत नेले, फुलदाणी उचलून सखारामच्या हातात दिली आणि टेबलक्लॉथ वर केला.

"हे काय?"

"मोठी आसत, मॅडम. म्हणजे बरींच ना?" गोकुळदास म्हणाला.

"आतला चार्जर केवढा? एका शेळीच्या दुधावर तुम्ही दोन रेडे पोसायला काढलेत! या अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या आहेत, म्हणून आज घंटा वाजली. त्या संपल्यावर परत भरणार कोण?" त्यांनी चिकटपट्टी ओढली. कापसाचा बोळा टपकन खाली पडला.

"पीं!" इतके दिवस तुंबलेले पॅनेल म्हणाले.

"या पॅनेलला लागतात तेवढ्याच नव्या बॅटऱ्या बसवा, पुऱ्या भरू द्या, मग मला बोलवा. तोवर पाहुणे घ्यायचे नाहीत."

पाहुणे दुसऱ्याच दिवशी गोकुळदासच्या दारात उतरले. त्यांच्या बॅगा उचलून आपल्या हॉटेलात न्यायला स्वतः सगुण आला. त्याच्या काखेत एक चकचकीत शिल्ड होती, कारण चलचित्र स्पर्धेचा सचिवही तोच.

"गोकुळदासभाऊ, खास बक्षीस तुमकां! 'वीज गेली तरी न थांबलेले चलचित्र.' परीक्षक म्हणत होते, हेच्या घरची वीज कोणाच्यान बंद जावची नाय!"

गोकुळदासने शिल्ड घेतली. बॅगा फाटकाबाहेर गेल्या. कमलाक्षीने चिकटपट्टीचे रीळ त्याच्यापुढे सरकवले. ते पॅनेलसाठी की त्याच्या तोंडासाठी, हे काही तिने सांगितले नाही.

"पीं!"