हिलालची चिनी चाल

गच्चीवर पाण्याची एक टाकी होती, वाळत घातलेल्या पाच साड्या होत्या, एक मोडकी खुर्ची होती आणि एक मनगटी घड्याळ होतं. मधोमध हिलाल उभा होता. त्याचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा वीतभर वर. घड्याळ त्याच्या मुलीच्या, उज्ज्वलाच्या हातात होतं.

"सात सेकंद," ती म्हणाली, तोवर हिलालने खुर्ची धरली होती.

"दिवाळीपर्यंत दहा करतो की नाही बघ," हिलाल म्हणाला. "मग सेठसमोरच उभा राहतो."

सेठला दाखवणं भागच होतं. हिलालला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. वायरीवरचं प्लास्टिक झिजावं तसं नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोचत नाही, हे बीएस्सी झालेल्या उज्ज्वलाने डिंडोलीतल्या आपल्या सगळ्या गल्लीला समजावलं होतं. गल्लीने माना डोलावल्या आणि हिलाल पितो असं ठरवून टाकलं. दारूबंदीच्या गुजरातेत माणूस झोकांड्या खातो तो दुसऱ्या कशाने? पॉवरलूमच्या सेठने त्याला बसून कापड तपासायचं काम दिलं होतं, पण बजावूनही ठेवलं होतं, की पिऊन सापडलास तर काम संपलं.

म्हणून हा चिनी व्यायाम, ताय ची. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेला. एका हंड्यातलं पाणी सावकाश दुसऱ्यात ओतावं तसं अंगाचं वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं आणि हात ढग सारल्यासारखे हलवायचे.

मे महिन्यात एका संध्याकाळी कारखान्यातून घरी येताना हिलालचे पाय शिजलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे झाले. हा आजार उन्हाने बळावतो. पडण्यापेक्षा बरं, म्हणून त्याने भर रस्त्यात चिनी चाल धरली. गुडघे वाकवले, हात पसरले आणि ढग सारत निघाला. मागे रिक्षांची रांग लागली. एरवी तो थोडी घेतल्यासारखा दिसायचा, आज पिंपात बुडून आल्यासारखा दिसत होता.

"काका, कितना चढाया?" चौकातल्या पोलीस जमादाराने विचारलं.

"चढवली नाही साहेब. हे चिनी आहे."

जमादाराचा चेहरा उजळला. "फॉरेन का माल? बोतल किधर है?"

हिलालला चौकीत नेऊन पंख्याखाली बसवलं. शेजारच्या निंबाने हे पाहिलं आणि धावत जाऊन त्याच्या घरी सांगितलं. निंबा कामाचा माणूस, अर्धवट काही करत नाही. तो तसाच पुढे जाऊन सेठलाही सांगून आला.

हिलालची बायको शोभाबाई उज्ज्वलाला घेऊन आली, तेव्हा जमादार हिलालचं तोंड हुंगत होता. वास तर येत होता. ते द्राक्षासव होतं, अंगात ताकद यावी म्हणून दिलेलं औषध. शोभाबाईने नवऱ्याची बाजू घेतली.

"सायेब, त्यास्ना काही दोष नही. मीच पाजस त्यास्ले, रोज दोन झाकण."

स्कूटरवरून उतरून आत आलेल्या सेठने नेमकं एवढंच ऐकलं.

जमादाराकडे यावर एकच जुनी कसोटी होती: एका पायावर उभं राहायचं. "गिरा, तो कल से मत आना," सेठने हिलालला सुनावलं. उज्ज्वलाने बापाच्या मानेवर थंड पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि जमादाराकडे वळली.

"साहेब, नुसत्या एकाला उभं करून काय कळणार? तुलनेला न प्यायलेला माणूस हवा. तुम्ही प्यायला आहात का?"

जमादाराने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एक पाय उचलला. मग सगळे सेठकडे बघू लागले. पोलिसांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. सेठने हातातली पिशवी मागोमाग बघायला आलेल्या निंबाकडे दिली. हिलालने आधी वजन ओतून घेतलं, मग पाय उचलला.

उज्ज्वलाने घड्याळ पाहिलं.

सेठ, तीन सेकंद. जमादार, सहा. हिलाल, अकरा.