भित्रा-सात या जातीच्या जतनाबाबत

भीती ही आनुवंशिक असते. तसे मानल्याशिवाय भीतीवर संशोधनच करता येत नाही. कारण ती आनुवंशिक नसेल तर कोणीतरी घातलेली असणार, आणि मग प्रयोगशाळेऐवजी चौकशी समिती नेमावी लागेल. मला समित्यांचा तिटकारा आहे (सध्या मी पाचच समित्यांवर आहे), म्हणून मी प्रयोगशाळा पत्करली आणि गेली चौदा वर्षे तिथे घाबरट उंदीर तयार करतो आहे.

उंदीर तयार करणे म्हणजे काय, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. उंदराचे बीज एकाच पेशीचे असते तेव्हा केसाहून बारीक सुईने त्यात हवा तो बदल टोचायचा. मग ते दुसऱ्याच एका उंदरिणीच्या पोटात ठेवायचे (तिला विचारण्याची पद्धत नाही), एकवीस दिवस वाट बघायची, आणि पिल्ले झाली की प्रत्येकाच्या शेपटीचा कण तपासून बदल उतरला की नाही ते पाहायचे. बहुधा उतरलेला नसतो. माझ्या पहिल्या पाच खेपा वाचल्याच नाहीत. सहावी वाचली, पण इतकी निर्भय निघाली की माझ्या अंगठ्याला दोन टाके पडले. सातवी खेप मात्र जन्मापासूनच थरथरत होती. माझा ऊर भरून आला. तिचे नाव मी भित्रा-सात ठेवले.

आता भित्रेपणा सिद्ध कसा करायचा? त्यासाठी फळी असते. जमिनीपासून दोन हात उंच, अधिकच्या चिन्हासारखी; दोन बाजूंना भिंती, दोन बाजू सताड उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा, सोडणाऱ्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि तो उघड्यावर किती सेकंद हिंडतो ते छतावरच्या कॅमेऱ्याला मोजू द्यायचे. पाच मिनिटांत साधा उंदीर सरासरी अठ्ठ्याऐंशी सेकंद हिंडे. भित्रा-सात नऊ. या नवावर माझे सव्वीस शोधनिबंध, एक बढती आणि दारावरची पितळी पाटी उभी आहे.

एवढी मोलाची जात कोणाच्याही हाती देणे बरे नाही, म्हणून मी नियमावली लिहिली. कलम चार: भित्रा-सातला फक्त मी हात लावणार, तोही शेपटीला धरून. कलम पाच: तुलनेसाठी लागणारे साधे उंदीर पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या मावशी आणतील, सोडतील, नेतील. साध्या उंदरांना साधे माणूस पुरते, असा माझा सुटसुटीत विचार होता. मावशी कलमे पाळत नसत. त्या उंदराला ओंजळीत घेत आणि पिंजऱ्यापासून फळीपर्यंत त्याला सुनेची हकिकत सांगत. याबद्दल मी त्यांना दोनदा लेखी समज दिली होती. दोन्ही कागद त्यांनी पिंजऱ्यात अंथरले.

प्रश्न आला तो यंदा. मी वर्षअखेर निवृत्त होतो आहे आणि आमची खोली माशांवर काम करणाऱ्यांना जाणार आहे. अशा वेळी उंदरांपुढे दोनच वाटा असतात. बदललेल्या जाती सांभाळणाऱ्या मध्यवर्ती बँकेने जात स्वीकारली, तर तिची बीजे उणे एकशे शहाण्णव अंशांत गोठवून कायमची ठेवली जातात, लेबलावर निर्मात्याचे नाव छापतात आणि जिवंत उंदीर मागणी करणाऱ्या प्रयोगशाळांना वाटून देतात. स्वीकारली नाही, तर महिनाअखेरीस तीनशे बारा उंदीर निकाली काढायचे. हा शब्द मीच नियमावलीत घातला, कारण खरा शब्द वाचायला बरा वाटेना. हे कळल्यापासून मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या (तशा त्या पूर्वीही फारशा बोलत नसत).

बँकेची अट एकच: शेवटची चाचणी निर्मात्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. मला हसू आले. मी मावशींना वीस भित्रे-सात दिले आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर चहा घेत बसलो.

सरासरी ब्याण्णव सेकंद. एक जण तर उघड्या फळीच्या टोकाला बसून मिशा साफ करत होता. चहा तसाच राहिला.

शास्त्रज्ञाने अशा वेळी शांतपणे कारणे तपासायची असतात, ती मी तपासली. मावशींनी पिंजरे बदलले असतील: शेपट्यांची पुन्हा तपासणी केली, सगळे अस्सल भित्रा-सात. कॅमेरा बिघडला असेल: नव्हता. मावशींना अक्कल नसेल: याचा पुरावा मिळेना. दुसऱ्या दिवशी त्याच वीस जणांना मी स्वतः शेपटीला धरून नेले. आठ सेकंद. माझा जीव भांड्यात पडला. पण मनात पाल चुकचुकली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मी वीस साधे उंदीर नेले. ज्यांच्या जनुकांना आम्ही सुईसुद्धा लावलेली नव्हती, असे.

सहा सेकंद. त्यांतले तिघे तर पिंजऱ्यातच ताठ झाले होते, कारण माझे बूट त्यांना आधी ऐकू आले होते.

तर चौदा वर्षांचा निष्कर्ष असा. जनुकातल्या बदलाने उंदरात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो मी आल्याने. सव्वीस निबंधांत मी उंदरांचा अभ्यास केलेला नसून उंदरांनी माझा केलेला आहे, आणि त्यांचे मत एकमुखी आहे.

मी मावशींना गाठले आणि विचारले, की हे त्यांना ठाऊक होते का, आणि असेल तर चौदा वर्षांत चकार शब्द का काढला नाही. त्या पिंजऱ्यात भुसा भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"सर, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात की आम्ही सगळेच भिंतीकडे सरकतो."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही. पाणी कुठे ठेवले आहे ते सांगावे तसे सांगितले. मला लाज वाटली. ही नोंद वहीत कुठल्या रकान्यात करायची ते न कळल्याने इथे करतो आहे.

उरले आठ दिवस आणि बँकेचा फॉर्म. रकाना एकतीस विचारत होता: सदर गुण प्रकट होण्यासाठी कोणती परिस्थिती आवश्यक आहे? मी तीन खोटी उत्तरे लिहून पाहिली. तिसरे इतके सुरेख जमले होते की मलाच पटू लागले. पण पिंजऱ्यांच्या खोलीत गेलो की तीनशे बारा जण एकदम कोपऱ्यात गोळा होत, आणि त्यांच्यासमोर खोटे बोलणे जमेना. शेवटी लिहिले: "निर्मात्याची उपस्थिती." सही केली. मावशींना सांगितले, की बहुतेक आपण यांना वाचवू शकणार नाही. त्या दिवशी उंदरांना दाणे जास्त पडले.

बँकेने आठवड्यात उत्तर दिले: जात स्वीकारण्यात येत आहे. इतक्या खात्रीने, दर वेळी, दोन मिनिटांच्या आत प्रकट होणारा गुण बँकेच्या पाहण्यात नव्हता. मात्र मागणीदार प्रयोगशाळांच्या सोयीसाठी आवश्यक परिस्थितीचा नमुना सोबत द्यावा, अर्थात निर्मात्याचे वापरलेले, न धुतलेले शर्ट, नग सतरा, हवाबंद पिशव्यांत. उंदीर वाचले. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे लक्ष जाताच भुसा भरायला घेतला.

सतरा दिवस मी सतरा शर्ट वापरले आणि पाठवले. तीन महिन्यांनी अहवाल आले. चौदा प्रयोगशाळांनी पिशवी न उघडता परत केली होती, शेरा: "आवश्यक परिस्थिती स्थानिक पातळीवर मुबलक उपलब्ध." दोन ठिकाणी प्रमुख रजेवर असल्याने उंदीर उघड्यावर हिंडत होते आणि कर्मचारीही. एका प्रयोगशाळेत प्रमुख हजर असूनही उंदीर निर्धास्त आढळले. ती नोंद अविश्वसनीय म्हणून सरासरीतून वगळण्यात आली आहे.

परत आलेले शर्ट घेऊन मी घरी गेलो आणि बायकोला ही गंमत सांगितली. ती हसेल असे वाटले होते. तिने शर्ट मोजून धुवायला टाकले आणि म्हणाली,

"अहो, इथे तरी शर्ट कुठे लागतो? दारात तुमची किल्ली वाजली की पोरगी तिच्या खोलीत जाते. मी टीव्ही बारीक करते."

किती वर्षांपासून, असे मी विचारले नाही. मी शास्त्रज्ञ आहे, मोजले. दहा संध्याकाळी किल्ली हातात धरून दाराबाहेर दोन-दोन मिनिटे उभा राहिलो. किल्ली लावण्यापूर्वी: मायलेकींचे बोलणे अखंड, हसणे मिनिटाला सरासरी तीनदा, एकदा तर गाणे (माझी मुलगी गाते, हे मला दाराबाहेर कळले). किल्ली फिरल्यानंतर: खुर्ची सरकल्याचा आवाज, एक दार लागल्याचा आवाज, मग भांड्यांचा. दहाव्या संध्याकाळी मी किल्ली लावलीच नाही. गाणे संपेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. वाईट वाटले, आणि गाणे चांगले होते.

वाचकांपैकी काहींना इथवर माझे हसू आले असेल, ते योग्यच आहे. त्यांच्या मनात या वर्णनाला जुळणारे एखादे साहेब, सासरे किंवा काका तत्काळ उभेही राहिले असतील. त्यांनी आज घरी पोचल्यावर बेल लगेच वाजवू नये. दोन मिनिटे बाहेर थांबून आतले ऐकावे, मग वाजवून पुन्हा ऐकावे. फरक आढळल्यास आम्हाला कळवण्याची आवश्यकता नाही. आत राहणाऱ्यांकडे नोंदी पूर्ण आहेत.