शेकडा दहा सूट, वर गिलास

वसुली कशी करावी हे अख्ख्या इतवारी बाजारात फक्त आपल्यालाच कळतं, असं मनोहररावांचं ठाम मत होतं. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी त्यांनी आपल्या भांड्यांच्या दुकानावर पाटीच लावली: शनिवारपर्यंत उधारी चुकती करणाऱ्यास शेकडा दहा सूट, वर स्टीलचा एक गिलास.

गरजही तशीच होती. ठोक व्यापारी ताराचंदला शनिवारी संध्याकाळी अकराशे रुपये दिले नाहीत, तर धनतेरसला दुकानात विकायला चमचासुद्धा राहणार नव्हता. सहाशे घरी तांदळाच्या पिंपात, बायकोच्या स्वाधीन होते. उरलेले सहाशे मोहल्ल्यातल्या पाच गिऱ्हाइकांकडे अडकले होते, आणि ते पाचही जण मनोहरराव दिसले की गल्ली बदलत.

शनिवारी दुपारी पहिला आला रुपराव.

"घ्या भाऊ, मोजून घ्या. आन् माहा गिलास?"

मनोहररावांना गहिवरून आलं. मागोमाग उरलेले चौघे आले. सूट वजा जाता पाचशे चाळीस जमा! एका नोटेला कडुनिंबाचं वाळकं पान चिकटलं होतं, तो शुभशकुन समजून त्यांनी ते गल्ल्यात जपून ठेवलं. शेजारच्या दुकानदाराला वसुलीवर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि छाती काढून घरी आले.

"गोपिका, पिंपातले सहाशे काढ. ताराचंदचा हिशोब मिटवून येतो."

"साठच हायेत," गोपिकाबाई म्हणाल्या.

"काहून वं?"

"रुपरावची प्रेमिला आली होती, संगं चौघी. म्हणे, सूट हातची जाऊन राहिली अन् घरात पैसा नाही. तुमचीच वसुली अडली होती ना? म्हणून मी देल्ले उसने."

मनोहररावांनी खिशातल्या नोटा नाकाशी धरल्या. तांदळाला कीड लागू नये म्हणून पिंपात घातलेल्या कडुनिंबाचा तोच वास.

"परत कधी देतील त्या?"

"चिंता नोका करू. मी सांगतलं, वेळेवर द्याल तं शेकडा दहा सूट, वर एकेक गिलास. गिलास तं देऊनही टाकले, त्याइले भरवसा वाटावा म्हणून."

मनोहररावांनी पाणी मागितलं. ते लोट्यातून आलं.

इतक्यात दारात ताराचंदची सायकल वाजली. लोटा तसाच ठेवून मनोहरराव मागच्या दाराने सटकले आणि थेट रुपरावाकडे गेले. गल्ली नेमकी कुठून बदलायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?