फोटोत दिसणारं सगळं भाड्यात समाविष्ट

सुरुवातीलाच सांगून टाकतो: गेल्या एक तारखेपासून मी भाड्याने गेलो आहे. तीन पंखे, एक फ्रिज, एक कपाट आणि मी. एका वर्षाचा करार आहे, सह्या झाल्या आहेत.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. असं काही घडलेलंच नाही. आपण कॅमेऱ्याबद्दल बोलू.

कॅमेरा निवडणं हे डोक्याचं काम आहे आणि आमच्या घराण्यात डोकं माझ्या वाट्याला आलंय. बाकीच्यांच्या वाट्याला नुसते केस आले, तेही टिकले नाहीत.

माझ्या काकांचं जागा भाड्याने मिळवून देण्याचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक पंखा आणि किल्ल्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. तिथे मी चार महिने शिकाऊ होतो. म्हणजे डब्यात किल्ल्या शोधायचो. काका मला 'रिकामटेकडा' म्हणत, आणि इतक्या वेळा म्हणत, की नव्या गिऱ्हाइकांना ते माझं आडनाव वाटायचं.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावरची एक जागा आठ महिने पडून होती. आधीची भाडेकरीण तिथे नाच शिकवायची, त्यामुळे हॉलच्या तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे. जो बघायला येई, तो स्वतःला तिन्ही बाजूंनी बघून खचायचा आणि निघून जायचा. शेवटी घरमालकांनी दम दिला, "शनिवारपर्यंत भाडेकरू आणा, नाहीतर किल्ली समोरच्या एजंटाला देतो!"

काकांनी तो दम माझ्याकडे पास केला. "शनिवारपर्यंत जागा गेली नाही, तर सोमवारपासून तू तुझ्या मामाच्या पोत्यांच्या कारखान्यात. पोती मोजायला!"

त्या कारखान्यात मी एकदा पाच मिनिटं गेलो होतो. तीन दिवस शिंकत होतो.

"काका," मी म्हणालो, "दोष जागेत नाही, तुमच्या फोटोंत आहे. हॉल काडेपेटीएवढा दिसतो. आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तुमचं बोट असतं!"

"ते बोट बघून लोक ओळखतात, की जाहिरात आपली आहे!"

"खोल्यांचे फोटो काढायचा कॅमेराच वेगळा असतो. मला निवडू द्या. जागा शनिवारी गेलीच म्हणून समजा!"

"निवड. पण पोती विसरू नकोस."

मी एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले आणि मग दुकानात गेलो. दुकानदार चष्मा पुसत होता. मी त्याला मला हव्या असलेल्या कॅमेऱ्याचे अकरा गुण म्हणून दाखवले.

"फोटो कशाचे काढायचेत?" त्याने विचारलं.

"खोल्यांचे."

"रिकाम्या?"

"रिकाम्या."

"मग पळत्या घोड्याचा फोटो काढणारा कॅमेरा कशाला? खोल्या पळत नाहीत. साधा कॅमेरा घ्या, भक्कम स्टँड घ्या. लेन्स जरा रुंद. फार रुंद नको."

कुणी 'फार नको' म्हटलं, की मला नेमकं तेच लागतं.

"सगळ्यात रुंद कोणती?"

त्याने वरच्या फळीवरून एक लेन्स काढली. बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली! "हिच्यात सगळं येतं," तो म्हणाला.

"मला सगळंच हवंय."

"साहेब, सगळं म्हणजे नको ते पण येतं. आरसे-बिरसे असतील तर सांभाळा."

मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. बिचारा! एकही व्हिडिओ न पाहिलेला माणूस.

शुक्रवारी सकाळी जागेवर गेलो, स्टँड लावला आणि पहिला फोटो काढला. हॉल असा दिसत होता, की आत एक आगगाडी सहज वळवता आली असती! फक्त आरशांत माणसं उभी होती. मोजली. सात. सातही मीच.

हरकत नाही. टायमर कशासाठी असतो? दहा सेकंद लावले, बटण दाबलं आणि धूम ठोकली. पण खोलीबाहेर पडायला दार लागतं, आणि दार त्या लेन्समध्ये येत होतं. पॅसेजही येत होता. पुढच्या वेळी मी थेट जिन्यात जाऊन बसलो. आरशात जिनाही आला! मांडीवर हनुवटी टेकलेला मी त्यात ठसठशीत दिसत होतो.

मी चौदा वेळा पळालो. पंधराव्या वेळी माझ्यातला पळपुटा दमला आणि विचारवंत जागा झाला. संध्याकाळी कॉम्प्युटरवर मला स्वतःला फोटोतून पुसून टाकता येणारच होतं. पण चुकून त्याआधी काकांनी पाहिलं तर? रिकाम्या हाताने उभा दिसलो, की ते पहिला शब्द काय उच्चारणार? रिकामटेकडा!

म्हणून हॉलमध्ये मी हातात झाडू धरला. स्वयंपाकघरातल्या काळ्या चकचकीत फरशांत मी ओटा पुसताना आलो. झोपायच्या खोलीत कपाटाच्या आरशात, स्टुलावर चढून बल्ब फिरवताना. आणि न्हाणीघरात बादली उचलताना, चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवून.

ऑफिसात आलो, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. आमच्या घराण्यातलं डोकं चहा प्यायला गेलं! परत येतो तर काकांनी फोटो जाहिरातीत टाकलेसुद्धा. चष्म्याशिवाय. चष्मा किल्ल्यांच्या डब्यात होता.

"अरे, केवढी जागा! ही आपल्याकडे आहे?" काका हरखले होते.

"काका, फोटोत मी आहे!"

"मग काय झालं? इतकी वर्षं माझं बोट चाललं, आता तू चालशील!"

आणि खाली त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, जे ते वीस वर्षं प्रत्येक जाहिरातीखाली घालत आले आहेत: 'फोटोत दिसणारं सगळं भाड्यात समाविष्ट.'

पंधरा मिनिटांत फोन वाजला. काका सगळे फोन स्पीकरवर लावतात, कारण गिऱ्हाईक आल्याचं शेजारच्या दुकानालाही कळलं पाहिजे. पलीकडे एका बाईंचा करारी आवाज होता.

"तो कोपऱ्यात उभा आहे, तो घराबरोबरच मिळतो का?"

काकांना वाटलं, फ्रिज. "हो तर! घराबरोबरच!"

"जुना आहे?"

"दिसतो जुना, पण चालतो."

"आवाज फार करतो का?"

"चालू होताना घरघरतो. पाठीत एक थाप मारायची, गप्प बसतो."

"थाप मारलेली चालते?"

"आम्ही रोज मारतो!"

मी खुर्चीतून उठून हातवारे करत होतो. काकांनी मला थाप मारायचा हात दाखवला.

शनिवारी सकाळी त्या आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. हातात काठी, काखेत फोटोंच्या छापील प्रती आणि पर्सच्या तोंडाशी लाल पेन. घरमालक, काका आणि मी नकळत उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो.

बाई आरशांपुढे थांबल्या. इथेच सगळे खचतात!

"उत्तम!" बाई म्हणाल्या. "पाठ फिरवली की मागे कोण काय करतंय ते दिसतं. पस्तीस वर्षं वर्गात मला हेच हवं होतं!"

घरमालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंनी काखेतल्या प्रती हातात घेऊन तपासणी सुरू केली.

"फोटो एक. पंखा?"

"आहे," काका म्हणाले.

"झाडू?"

"आहे."

"मुलगा?"

काकांनी डब्यातून चष्मा काढला. फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"तो... माझा पुतण्या आहे हो, बाई."

"मी नातं विचारलेलं नाही. फोटोत आहे की नाही?"

"आहे."

"चारही फोटोंत आहे. झाडतो, पुसतो, बल्ब बदलतो, बादली उचलतो. खाली काय लिहिलंय? मोठ्याने वाचा."

काकांनी मोठ्याने वाचलं.

"हे वाक्य कुणाचं?"

"माझंच," काका इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की त्यांना उभं राहायची शिक्षा होईल असं मला वाटलं.

"माझे गुडघे गेलेत. मी स्टुलावर चढू शकत नाही. मुलगा असेल तर आत्ता सही करते. नसेल तर समोरच्या एजंटाकडे जाते. त्याच्याही जाहिराती मी पाहिल्या आहेत."

काकांनी चार सेकंद विचार केला. त्या चार सेकंदांत मला माझं सगळं बालपण आठवलं. त्यांच्या खांद्यावर बसून फिरलेलो मी!

"न्या," काका म्हणाले.

"काका!"

"अरे, एका वर्षाचा तर प्रश्न आहे! आणि पोत्यांत शिंकण्यापेक्षा बरं!"

ठरलं ते असं: मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते बारा. यादी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. 'अनुक्रमांक आठ: फ्रिज, एक (आवाज करतो). अनुक्रमांक नऊ: पुतण्या, एक (आवाज करतो).'

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलास!" बाबांनी करार दोनदा वाचून एवढंच विचारलं, "फुटतूट झाली तर भरपाई कोण देणार?"

तेव्हापासून ऑफिसात तक्रारी येतात. "पुतण्या आज वीस मिनिटं उशिरा चालू झाला." परवा मला सर्दी झाली होती, तर काकांना फोन: "तुमचा पुतण्या गळतोय. दुरुस्त करून पाठवा!"

नोकरी मात्र माझी कायम झाली. काका भलतेच खूश आहेत. बाजारात बोलबाला झालाय, की आमच्या जागांबरोबर माणूस मिळतो. काल त्यांनी स्वतः स्टँड खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरची जागा जाहिरातीत टाकायची आहे. चल. या वेळी हातात इस्त्री धर!"

म्हणून मी बाईंकडे रीतसर अर्ज केला. त्यांनी तो लाल पेनाने तपासून परत दिला. सात चुका, शेरा: 'अक्षर सुधारा. पुन्हा लिहून आणा.' ही सुधारलेली प्रत:

प्रति, माननीय भाडेकरू महोदया,
विषय: सामानाच्या यादीतून नाव वगळणेबाबत.
वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, अनुक्रमांक नऊ ही वस्तू फोटोतून बाहेर पळत असताना चुकून समाविष्ट झालेली आहे. तरी सदर वस्तू खराब निघाल्याची नोंद घेऊन ती मूळ मालकास, म्हणजे आईस, परत करण्यात यावी, आणि तोपर्यंत निदान स्टूल बदलून मिळावे, ते डुगडुगते, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अनुक्रमांक नऊ