म्हशीच्या झोपेवर देखरेख

सन १९९४ मध्ये बारामती एमआयडीसीतील एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने कामगारांना झोप लागत नसल्याची अधिकृत दखल घेतली. कऱ्हाटीचा महिपती तिथे मशीनवर होता. पाळी दर तीन दिवसांनी फिरे, आणि तिच्यामागे फिरता फिरता त्याची झोप कुठेतरी सांडली होती. मोटारसायकलवर डुलकी लागून तो उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचला, तेव्हा त्याच्या बायकोने, भागूबाईने, त्याला कामगार अधिकाऱ्यांकडे पिटाळले.

"साहेब, औषधपाणी काय नगं. पाळी तेवढी एक ठेवा."

"महिपतराव, पाळी हा उत्पादनाचा विषय आहे," अधिकारी म्हणाले. "झोप हा विज्ञानाचा."

लगोलग समिती नेमली गेली. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, झोपवलेल्या सशांच्या रक्तात एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, सापडला आहे. तो गाढ झोप आणतो, ताण उतरवतो, असे काहींचे मत आहे. दुधातही त्याचा अंश असावा. पुरावा अपुरा असल्याचेही ते म्हणाले, पण तोवर जेवणाची पाने मांडली गेली होती आणि समिती उठली होती.

कामगारांत पेप्टाइडची तूट आहे, असा निष्कर्ष निघाला. ती दुधाने भरायची, आणि दूध गाढ झोपणाऱ्या जनावराचेच हवे. बऱ्याच शोधानंतर महिपतीचीच म्हैस पसंत पडली. तिच्या गोठ्यात पंखा बसला, शेजारच्या गेणूचा ट्रॅक्टर बंद करवला गेला. आता ती नीट झोपते की नाही, हे पाहायला एक जागा माणूस हवा होता. महिपतीला झोप येत नाही, हीच त्याची पात्रता ठरली. पाळी सुटली की तो गोठ्यात हजर.

"म्हशीला निजवाया माणूस ठिवला," भागूबाई म्हणाली. "आता माणसाला निजवाया रेडा ठिवा म्हणावं."

दूध रोज तपासणीसाठी समितीकडे जाई. तपासणीतच संपे.

एका दुपारी पंख्याच्या वाऱ्यात महिपती म्हशीच्या कुशीला टेकला आणि घोरू लागला. नेमकी तेव्हाच समिती पाहणीला आली. सगळे चवड्यांवर आत शिरले. अधिकारी तर गहिवरले. प्रयोग यशस्वी झाल्याचा ठराव तिथेच संमत झाला. लगेच दुसरा ठराव झाला, आणि कामावर झोपल्याबद्दल महिपतीला कामावरून कमी केले गेले.

जागा झाल्यावर त्याने विचारले, "पहिला ठराव कशापायी, साहेब?"

"तुम्ही झोपलात म्हणून."

"आन दुसरा?"

"तोही."

महिपती आता घरीच असतो. पाळी नाही, झोपही नाही. समितीला मात्र अहवालासाठी आणखी पुरावा हवा आहे. हे वाचून आज आपल्याला नेहमीसारखी शांत झोप लागली, तर कृपया तसे कळवावे.