सर्वांत आनंदी खलाशी

एका जंगलात समुद्र नव्हता. समुद्र पाहायचा तर तिथून दिवसभर उडावं लागे. तरीही त्या जंगलात एक जहाज कंपनी होती. मुलांनो, हसू नका. जिथे समुद्र नसतो तिथे जहाजाची नोंदणी लवकर होते, कारण जहाज कसं आहे ते बघायला कुणी जात नाही.

कंपनीचं नाव 'घनदाट सागरी सेवा'. तिची तीन जहाजं मध, मीठ आणि हिरडे घेऊन दूरदूर जात. जहाजांवर जंगलातलेच प्राणी खलाशी होते. त्यांची काळजी घ्यायला जंगलात एक खलाशी कल्याण विभाग होता, आणि खारूताई त्याच्या प्रमुख होत्या.

खारूताईंनी जहाज कधी पाहिलं नव्हतं. पण खलाशांवर त्यांचा फार जीव. एकदा त्यांनी प्रत्येक जहाजावर कॅरम पाठवला. जहाज डावीकडे कललं की सगळ्या सोंगट्या डावीकडे जात, उजवीकडे कललं की उजवीकडे. कोण जिंकलं ते कुणालाच कळेना. खारूताईंनी अहवालात लिहिलं, 'सामने अतिशय चुरशीचे होतात.'

नियमही चांगले होते. नऊ महिन्यांपेक्षा जास्त कुणी जहाजावर राहायचं नाही. रोज दहा तास विश्रांती घ्यायची. आणि आपल्या जागी बदली खलाशी चढल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. तिन्ही नियम छापलेले होते. पाळला जायचा तो तिसरा.

विश्रांतीची नोंदवही मात्र रोज भरावी लागे. सोळा तास इंजिनाशी झटून झालं की एका जहाजावरचा साळिंदर बसायचा आणि 'दहा तास झोपलो' असं लिहायचा. या कामात त्याची अर्ध्या तासाची झोप जायची.

याच जहाजावर धनेश पक्षी होता. डोलकाठीवर बसून लांबवर नजर ठेवणं हे त्याचं काम. त्याचे नऊ महिने भरत आले तेव्हा जहाज दुरुस्तीसाठी एका खाडीत थांबलं. खाडीपासून जंगल एका दिवसाच्या उड्डाणावर. धनेश रजा घेऊन घरी गेला.

धनेशांच्या घरची रीत वेगळी असते. अंडी घालायच्या वेळी बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत तिच्या पंखांची पिसंही गळतात. तेव्हापासून पिल्लं मोठी होईपर्यंत नवरा फळं आणून देईल तेवढंच तिचं खाणं.

"अहो, नक्की याल ना?" त्याच्या बायकोनं, यमुनेनं, विचारलं.

"पुढच्या बंदरात बदली येतोय. तसं पत्र आहे," धनेश म्हणाला. "बारा दिवसांत तुझ्यापुढे हजर."

तिनं बारा दिवसांची उंबरं आत घेतली आणि दार लिंपलं.

आठ दिवसांनी जहाज पुढच्या बंदराला लागलं. धक्क्यावर खरोखरच बदली उभा होता. तोही धनेशच, हातात पिशवी. आपल्या धनेशाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बदलीच्या शेजारी लांब पायांचा एक करकोचाही उभा होता. तो बंदराचा तपासणीस होता.

कप्तान कासवरावांनी घाईघाईनं सगळ्यांना जमवलं.

"नीट ऐका. कुणी तक्रार केली तर जहाज तीन आठवडे इथेच अडकेल. मग बदली नाही, उतरणं नाही. सगळं छान आहे म्हणा आणि सुटा."

करकोच्यानं पहिल्यांदा धनेशालाच बोलावलं.

"जेवण कसं असतं?"

"उत्तम."

"झोप?"

"दहा तास. कधी कधी अकरा."

"घरची आठवण येते का?"

धनेशानं लांब जंगलाच्या दिशेला पाहिलं. तो जोरात म्हणाला, "छे हो! इथे सगळे घरच्यासारखेच आहेत. वेळ कसा जातो कळतही नाही."

इतकं मनापासून बोलणारा खलाशी करकोच्यानं आजवर पाहिला नव्हता. त्यानं पैकीच्या पैकी गुण दिले आणि धक्क्यावरूनच कंपनीला वायरलेस केला. खारूताईंना आनंदानं टेबलाभोवती तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तासाभरात त्यांचं उत्तर आलं.

'आमच्या सर्वांत आनंदी खलाशाचं अभिनंदन! इतक्या सुखात असलेल्याला हलवणं आमच्या मनाला पटत नाही. बदलीला दुसऱ्या जहाजावर पाठवत आहोत. तिथले खलाशी दुःखी आहेत.'

बदलीनं पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

धनेश कप्तानाकडे धावला. "साहेब, मी खोटं बोललो!"

"असं म्हणू नकोस बाबा," कासवराव घाबरून म्हणाले. "तपासणीसाला खोटं सांगितलंस म्हटलं की चौकशी लागेल. सहा आठवडे."

"माझी बायको ढोलीत बंद आहे हो!"

"तुम्हा लोकांचं हे घर-घर मला कळतच नाही. माझ्यासारखं घर बरोबर घेऊन यावं ना." कासवराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी धनेशाचा अर्ज त्याच दिवशी कंपनीला पाठवला.

जहाज पुढे निघालं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'आनंदी खलाशांच्या अर्जांचा विचार दुःखी खलाशांचे अर्ज संपल्यावर केला जातो. अर्जातला आपला विनोद आवडला.'

धनेश डोलकाठीवरून खाली आला आणि साळिंदराशेजारी बसला.

"तुला पंख आहेत," साळिंदर म्हणाला.

"माझी खलाशी-पुस्तिका कप्तानाच्या पेटीत आहे. तिच्याशिवाय पुन्हा कुठलंच जहाज घेणार नाही मला."

"उंबरं किती दिवसांची होती?"

धनेशानं बोटांवर मोजलं नाही. आकडा त्याला पाठ होता. बारा दिवसांची होती, आणि आज तेरावा दिवस होता.

"मग बसलायस काय?" साळिंदर ओरडला. "मला चौदा महिने झाले रे इथे! मला पंख असते तर मी कॅरमसुद्धा घेऊन गेलो असतो!"

धनेश उडाला. आठवडाभर उडत होता. वाटेत एका बेटावर त्यानं उंबरं तोडली, पण स्वतः एकही खाल्लं नाही.

ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आलेली नव्हती. त्यानं लिंपणावर हळूच टकटक केलं.

"यमुने."

त्यानं पुन्हा टकटक केलं. मग आतून बारीक आवाज आला, "आलात?"

त्यानं फटीतून उंबर आत दिलं. मग दुसरं. तिसरं. तो रडत होता, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"अंडी बरी आहेत," ती म्हणाली. "उठलेच नाही मी त्यांच्यावरून."

"कुणी आलं नाही का गं इकडे?"

"आल्या होत्या ना, खारूताई. स्वतः चढून आल्या. तुम्ही तिथे फार सुखात आहात म्हणाल्या. तुमचं प्रशस्तिपत्र फटीतून आत देऊन गेल्या. वडाच्या मोठ्या पानावर लिहिलेलं, तांबडी किनार वगैरे."

"कुठे आहे ते?"

"खाल्लं," यमुना म्हणाली.

तात्पर्य : ज्याला पंख आहेत त्यानं खलाशी होऊ नये. ज्याला पंख नाहीत, त्याच्यासाठी कल्याण विभाग आहेच.