झाबेताचे तीन तास

ऑगस्ट संपायला एकच दिवस उरला होता आणि सहा वर्षांच्या झाबेताचे केस या सुट्टीत अजून एकदाही भिजले नव्हते. नळाखाली भिजले होते, ते सोडा. समुद्रात नाही.

समुद्र काही लांब नव्हता. आजी अर्गिरोच्या खाणावळीचे शेवटचे टेबल आणि पाणी यांच्यात जेमतेम चार पावले होती. अडचण होती ती आजीच्या नियमाची. खाल्ल्यावर तीन तास पाण्यात उतरायचे नाही. हा नियम सगळे बंदर पाळत असे, पण बाकीच्यांच्या घरी आजी अर्गिरो नव्हती. नातीला दर दोन तासांनी काहीतरी भरवणारी आजीच, आणि भरवले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू करणारीही आजीच. खाणावळीच्या दारात एक पाटी होती. तिच्यावर त्या दिवशीची मासळी लिहिलेली असे आणि सगळ्यात खाली, खडूने, 'झाबेता – दोन वाजता'. मध्येच एखादे अंजीर पोटात गेले की दोन पुसून चार. गेल्या आठवड्यात एका डच जोडप्याने पाटीवर बोट ठेवून विचारले होते, ही दोन वाजता येणारी झाबेता भाजून मिळेल की तळून?

खाणावळीत भिंतीवर झाबेताच्या बाबाचा फोटो होता. सहा वर्षांचा बाबा, पुढचे दोन दात पडलेले, बंदरात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला मिठी मारून हसतोय. धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी मारून तो बोयापर्यंत पोहला होता. झाबेता जूनमध्ये घरी, पिरेयस शहरात, आईकडून पोहायला शिकली होती ती त्या बोयासाठीच. आज संध्याकाळी बाबाचा जहाजावरून फोन येणार होता. उद्या सकाळच्या बोटीने मायलेकी परत जाणार होत्या.

तिची आई दाफनी सकाळी उठली ती बेत ठरवूनच. सात वाजता, सासूबाई कोळसा पेटवायला गेल्याचे पाहून, तिने लेकीला दूध-पाव दिला आणि दार लावून घेतले.

"आता दहा वाजेपर्यंत तोंड बंद. कुणी काही दिलं तर नको म्हणायचं."

"दात घासू?"

"घास. पण गिळू नकोस काही."

नऊ वाजता आजीने गरम चीजच्या करंज्या पुढे ठेवल्या. झाबेता नको म्हणाली. अर्गिरोने हातातला झारा खाली ठेवला. तिच्या करंजीला नको म्हणणारे माणूस तिने आजवर पाहिले नव्हते. तिने कपाळाला हात लावला, जीभ बघितली, कुणाची दृष्ट लागली असेल म्हणून तीनदा थुथू केले आणि जाहीर केले की पोरगी आजारी आहे. आजारी पोरीला कुणी पाण्यात सोडते का?

झाले. आजारी नसल्याचे सिद्ध करायला झाबेताला करंजी खावी लागली. अर्गिरोचा संशय फिटेना म्हणून दुसरी. तिसरी तिने स्वतःहून घेतली, कारण करंज्या खरोखरच फार छान झाल्या होत्या. पाटीवर बारा वाजले.

साडेअकरापर्यंत सगळे ठीक चालले होते. आजोबा स्तामातिस धक्क्यावर ऑक्टोपस आपटत बसले होते. चाळीस वेळा आपटल्याशिवाय तो मऊ होत नाही. नात शेजारी ओठ घट्ट मिटून बसलेली पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी तिच्या तोंडात एक द्राक्ष सारले.

एका द्राक्षावरून बंदर दुभंगले. जाळी विणणारे म्हणाले, द्राक्ष म्हणजे नुसते पाणी. अर्गिरो म्हणाली, मग दारूही पाणीच. कॉफीला आलेले पाद्री, फादर आंथिमोस, यांना मध्ये घातले गेले. त्यांनी विचार करून सांगितले की द्राक्ष उपवासाला चालते, तेव्हा ते खाण्यात धरू नये.

"उपवासाला तर ऑक्टोपसही चालतो, फादर," अर्गिरो म्हणाली. "मग तोही खाण्यात धरायचा नाही?"

फादर आंथिमोस आपल्या कॉफीकडे वळले. अर्गिरोने निकाल दिला: द्राक्षाला एक तास, पण त्यात बी होती, म्हणून दोन. पाटीवर दीड.

सव्वा वाजता गिऱ्हाइकांची गर्दी उसळली. घाईत अर्गिरोने निखाऱ्यावरून ऑक्टोपसचा तुकडा काढला आणि रोजच्या सवयीने नातीपुढे धरला. "बघ गं, मीठ लागतंय का?" मिठाच्या बाबतीत तिचा झाबेताच्याच जिभेवर विश्वास होता. आणि झाबेतानेही, रोजच्या सवयीने, तोंड उघडले.

ऑक्टोपस पोटात जड बसतो, त्याला चार तास. पाटीवर सव्वापाच.

"आई, उद्या सकाळी आमची बोट आहे हो," दाफनी म्हणाली.

"म्हणूनच म्हणते. प्रवासात पोट बिघडायला नको."

सव्वापाचच्या आत आणखी काय काय पुढे येईल, हे दाफनीला चांगलेच ठाऊक होते. झाबेतालाही. ती रडली नाही. उठली आणि आजोबांच्या निळ्या होडीत जाऊन बसली.

तीन वाजता गिऱ्हाइके पांगली आणि घरचे जेवायला बसले. अर्गिरो सगळ्यांत शेवटी. तिने ऑक्टोपसचा जाड तुकडा तोंडात घातला न घातला तोच पाण्यावरून आवाज आला.

"आजी, होडी चालली."

होडी खरेच चालली होती. धक्क्यापासून पंधरा हात लांब, आरामात. सगळे उठले. बंदरात पट्टीचे पोहणारे नऊ पुरुष होते आणि त्या नऊही जणांचा हात आधी स्वतःच्या पोटावर गेला. स्तामातिस वल्ही शोधू लागले. वल्ही त्याच होडीत होती. दाफनीने चपला काढल्या, तेवढ्यात तिच्या शेजारून काहीतरी मोठे आणि काळे पाण्यात पडले.

पन्नास वर्षे अर्गिरो दर संध्याकाळी डोक्यावरची नेहमीची टोपी तशीच ठेवून छातीभर पाण्यात उभी राहत असे आणि मैत्रिणींशी गप्पा मारत असे. तिला पोहता येते की नाही, यावर बंदरात दोन पक्ष होते. एक पक्ष आज कायमचा हरला. काळ्या झग्यासकट, ॲप्रनसकट ती सरळ रेषेत गेली आणि तिने होडीची कड धरली. टोपी कोरडी होती.

झाबेता फळीवर ताठ बसली होती. अंगात पोहायचे कपडे.

"आजी," तिने शांतपणे विचारले, "तू आत्ता काय गिळलंस?"

अर्गिरोने एकदा नातीकडे पाहिले, एकदा धक्क्याकडे.

"काही नाही."

"ऑक्टोपस. त्याला चार तास लागतात."

"उपवासाला चालतो," धक्क्यावरून फादर आंथिमोस म्हणाले.

अर्गिरो हसली. आधी खांदे हलले, मग होडी हलली, मग अख्खा धक्का हसू लागला. ती म्हणाली, "ये बाई, ये पाण्यात."

"इथून नाही. बाबाने पायऱ्यांवरून मारली होती उडी."

मग आजीने होडी ओढत परत आणली. ती बांधायला दाफनी पुढे झाली. होडीच्या टोकाशी दोर होता. तो तुटला नव्हता की आपोआप सुटलाही नव्हता. आजोबा शिकवतात तशी गोल गुंडाळी करून ठेवलेला होता आणि त्यावर झाबेताचा फ्रॉक, व्यवस्थित घडी घातलेला. दाफनीने फ्रॉक उचलला आणि गुंडाळी पायाने हळूच विस्कटून टाकली.

झाबेताने पायऱ्यांवरून उडी मारली. ती बोयाकडे निघाली आणि शेजारून एक टोपी तिच्या वेगाने चालत राहिली. बोयाला मिठी मारून तिने मागे पाहिले, तेव्हा दाफनीला तिचा फोटो काढायचा होता, पण डोळ्यांपुढे सगळे धूसर झाले होते. स्तामातिसनी काढला. निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा आला.

दोघी परत आल्या तेव्हा झाबेताचे ओठ निळे पडले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. अर्गिरोने तळलेला बारीक मासा तिच्यापुढे धरला.

"नको आजी. मला अजून एकदा जायचंय."

आजीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पाटीकडे पाठ केली आणि मासा नातीच्या तोंडात सारला.

"खा. हा धरायचा नाही."